ओठ फाकव

"तू कॅमेरा ऑफ कर. तुझा चेहरा बघून क्लायंटला वाटतं, प्रोजेक्ट मेला."

कॉल सुरू व्हायला दोन मिनिटं होती. खोलीत आम्ही सातजण, आपापल्या लॅपटॉपसमोर. मॅनेजर मराठीत बोलला. मराठी कळणारे चौघंच, पण ते हसले म्हणून बाकीचेही हसले. मी कॅमेरा बंद केला. पडद्यावर माझ्या जागी काळा चौकोन आला आणि त्यावर माझं आडनाव.

अमेरिकेतल्या कॅरी गावात मला अकरा वर्षं झाली होती. ग्रीन कार्डची रांग संपत नाही, तोवर व्हिसा कंपनीच्या हातात. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मुलगी आठवीत. म्हणून कॅमेरा बंद केला. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

पार्किन्सन आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगून तेव्हा सात महिने झाले होते. शरीरात तो कधीपासून येऊन बसला होता, कोण जाणे. आधी वास गेला. बायको म्हणायची, फोडणी करपली, तुला कळत कसं नाही? मग चालताना डावा हात हलेनासा झाला. मग मान आखडली. सकाळी उठलो की दुखणं मानेतून वर चढायचं आणि कवटीच्या मागे खिळा ठोकल्यासारखं बसायचं. दुपारपर्यंत उजेड सोसायचा नाही. शेवटी चेहरा. त्याचे स्नायू आखडतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हसू आत येतं, बाहेर पोचत नाही.

मुलीला गणितात बक्षीस मिळालं, ती सर्टिफिकेट घेऊन धावत आली. मला इतका आनंद झाला होता! ती माझ्याकडे बघून थबकली.

"बाबा, आर यू मॅड ॲट मी?"

मी "नाही गं" म्हणेपर्यंत ती तिच्या खोलीत गेली होती. या आजाराची मला खरी भीती वाटली ती त्या दिवशी.

ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. मॅनेजरला तर नाहीच. तो वयाने माझ्याहून लहान, पुण्याचा. पहिल्या वर्षी त्याच्या घरी गणपतीला गेलो होतो. त्याच्या आईने आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात नेमकं कुठे ते. मी सांगितलं. सगळ्यांना प्रसाद स्टीलच्या वाटीतून आला, मला कागदाच्या डिशमधून. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. तो प्रसाद मी हसत हसत खाल्ला होता. हसायला मी लहानपणीच शिकलो.

बाप तालुक्याच्या कचेरीत शिपाई. एका दिवाळीत तो मला साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेला. बाईसाहेबांनी फराळाचं पुडकं उंचावरून माझ्या ओंजळीत टाकलं. हात लागू नये म्हणून. चकल्यांचा चुरा झाला. मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. आतून साहेब म्हणाले, "पोरगं गुर्मीत दिसतंय तुझं. हसायला शिकव त्याला."

वाटेत बापाने सायकल थांबवली. मारलं नाही. माझी हनुवटी दोन बोटांत धरली.

"ओठ फाकव. अजून. दात दिसू दे. आता तस्संच धर."

मला दाखवायला तो स्वतःही दात काढत होता. डोळ्यांत पाणी होतं. मी शिकलो. कॉलेजात 'कोट्यातला' म्हणाले, तेव्हा ओठ फाकवले. मुलाखतींत फाकवले. इथेही.

त्या कॉलनंतर आठवड्याने मॅनेजरने मला एकट्याला बोलावलं. "काम चांगलंय तुझं, यार. ॲटिट्यूड नाही. जरा प्लेझंट दिसायला शिक. नाहीतर मला एचआरला इन्व्हॉल्व्ह करावं लागेल."

शिक. पन्नाशीला आलेल्या माणसाला पुन्हा तेच.

आणि मी शिकायला गेलोही! पार्किन्सनचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, गोऱ्या, मायाळू. त्यांनी मला आरशासमोर बसवलं.

"स्माइल. बिग स्माइल. शो मी युअर टीथ."

ओठ अर्ध्यातच अडले. मग त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली. "होल्ड."

आरशात माझा बाप होता. तेच फाकलेले ओठ, वर तेच डोळे. डोक्यातला खिळा असा आत गेला की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. चाळीस वर्षं मी हे हसू तोंडावर लावून फिरत होतो. आजाराने ते काढून घेतलं, खालचा चेहरा उघडा पडला, आणि लोकांना तो खपेना.

"नॉट धिस वन," मी म्हणालो. बाईंनी कारण विचारलं. मी पुढचा व्यायाम विचारला. गिळण्याचे आणि आवाजाचे व्यायाम मी न चुकता करतो. हा नाही.

पुढच्या कॉलला मॅनेजरने नुसतं बोट दाखवलं. "कॅमेरा."

मी चालूच ठेवला. आधी मराठीत सांगितलं, मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. "मला पार्किन्सन आहे. चेहरा असाच राहील. कॅमेरा चालू राहील."

कुणी हसलं नाही. नंतर त्याने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "आधी सांगायचं ना, यार! पण हे ऑफिशियल करू नकोस. व्हिसाचा प्रॉब्लेम तुलाच होईल."

त्याच दुपारी एचआरला पत्र लिहिलं. कॅमेऱ्याबद्दलची त्याची वाक्यं जशीच्या तशी घातली, मराठीत, खाली इंग्रजी अर्थ. ही कॉरिडॉरमधली वाक्यंही घातली.

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. मॅनेजर आता माझ्याशी फार गोड बोलतो, आणि माझी कामं एकेक करून दुसऱ्यांकडे जातायत. काय येतंय ते मला दिसतंय. इकडे उजवा अंगठाही थरथरायला लागलाय. परवा साधं पाणी घशात अडकलं. बायको सूटकेसवरची धूळ पुसत होती.

मुलीला सांगून ठेवलंय, माझ्या चेहऱ्यावर जाऊ नकोस, सरळ विचार. ती विचारते. बाकी कुणाला माझ्याबद्दल काही जाणायचं असेल, तर त्यांनीही विचारावं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी ओठ फाकवणार नाही. पाय गेले तरी नाही, हा देश सुटला तरी नाही. आणि माझ्या पोरीची हनुवटी कुणी अशी धरली, तर तो हात मी या थरथरत्या हाताने बाजूला करीन.

उद्या नऊला कॉल आहे. कॅमेरा चालू असेल.