शेजारी नसलेली वस्ती नकाशात हिरवी दिसली

मंडळी, घाईत लिहितेय.

मी दरडींच्या धोक्याचा नकाशा करते. त्यात गावाचा धोका शेजारच्या गावांवरून काढतात. ठरलेल्या अंतरातली गावं म्हणजे शेजारी. तक्त्यात प्रत्येक गावाच्या ओळीत शेजाऱ्यांना वजनं, म्हणजे कुणाचा धोका किती धरायचा ते आकडे, देतात आणि त्यांची बेरीज एक करून घेतात.

सकाळी मेढ्याच्या वरची आमची वस्ती हिरवी, म्हणजे सुरक्षित दिसली. मी खुशीत वस्तीवरच्या आमच्या आबांना नकाशाचा फोटो पाठवला.

दुपारी लक्षात आलं, वस्तीला त्या अंतरात एकही शेजारी नाही. अख्खी ओळ शून्य, म्हणून धोकाही शून्य. आम्हाला काही ठाऊक नाही, एवढाच त्या हिरव्याचा अर्थ!

घाबरून फोन लावला. आबा आनंदात होते.

"लय झ्याक काम केलंस पोरी. सगळ्यांस्नी फोटो दावला. पाऊस वाढला की दरवर्षी शाळेत झोपाय जातो न्हवं, यंदा कुणी जात न्हाई."

"आवं आबा, नकाशा चुकलाय!" मी ओरडले, तोवर रेंज गेली होती.

तेव्हापासून फोन लागत नाही. मेसेजला एकच टिक आहे. इथं साताऱ्यात पाऊस वाढलाय.

मेढ्याकडचं कुणी वाचतंय का? आमच्या वस्तीवर एवढं सांगाल का, त्या रंगावर जाऊ नका, शाळेत झोपायला जा?