गोधडीतलं वरण

भूकंपानंतर आरोग्य खात्याने औशाच्या पलीकडच्या गावांत फिरत्या दवाखान्याची गाडी लावली. त्या गाडीत मी कंपाउंडर म्हणून आठ महिने राहिलो. डॉक्टर सकाळी जीपने यायचे आणि दुपारनंतर परत जायचे. मग गाडीत मी आणि ड्रायव्हर. मी औषधांच्या बाकावर झोपायचो, तो पुढच्या सीटवर. वीज नव्हती, पाणी टँकरचं आणि रॉकेल जपून वापरायचं.

स्वयंपाक तो करायचा. मागचं दार वाऱ्याला आडवं लावून पायरीवर स्टोव्ह पेटवायचा. तुरीची डाळ अर्धवट शिजली की पातेलं उतरवून झाकणाच्या कडेला ओलं पीठ लिंपायचा, ते पातेलं गोधडीत गुंडाळायचा आणि स्टेपनीच्या आत बसवून टाकायचा.

पहिल्या दिवशी मी हसलो. "हे काय, बाळंतिणीचं गाठोडं?"

"साहेब, रॉकेल तुमचा मामा आनून देनार हाय का? राह्यलेली डाळ गोधडी शिजवती. घोटायला ह्यो रस्ता हायच की."

आणि खरोखर, खडीच्या रस्त्याने पुढच्या गावी पोचून गोधडी सोडली की आत लोण्यासारखं वरण तयार असायचं. मग फक्त लसणाची फोडणी आणि त्याने थापलेली ज्वारीची भाकर. भोवती पडलेली घरं असताना इतकं गोड लागावं याची लाज वाटायची. तरी सांगतो, इतकं समाधानाने मी नंतर कधी जेवलो नाही. मी फक्त भांडी घासायचो, तीही राखेने, पाणी वाचवून.

सुट्टीत लातूरला घरी गेलो तेव्हा आईने विचारलं, "तिथं स्वयंपाक कोण करतं रे?"

ड्रायव्हर बौद्ध होता. त्याच्या हातचं खातो असं सांगितलं असतं तर आईने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नसतं. मी म्हणालो, "मीच."

तो एक शब्द घरभर पसरला. मी बायकोला गोधडीची रीत शिकवली, तीही माझीच म्हणून. पाहुणे आले की आई सांगायची, "आमच्या पोरानं भूकंपात ड्रायव्हरला रांधून घातलं." मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले. ड्रायव्हर त्याच्या गावाहून, बिलोलीहून, मुलीला बारावीच्या क्लासला घालायला आला, तेव्हा हक्काने आमच्याकडे उतरला. बायकोने वरण वाढलं. समोर पलंगावर आई बसलेली.

बायको म्हणाली, "भाऊ, ओळखा बरं. गाडीत हे तुम्हाला करून घालायचे, तसंच केलंय."

त्याचा घास हातातच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"हाव वहिनी," तो म्हणाला. "साहेबांच्या हाताला लई चव. फकत मीठ इसरायचे."

सगळे हसले. त्याची मुलगीसुद्धा हसली. मीही हसलो.

आई गेली तेव्हा माझ्याकडे गप्प राहायला कारण उरलं नाही. तरी मी पुष्कळ वर्षं गप्पच राहिलो.

गेल्या महिन्यात बायकोला सांगितलं. तिने हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे त्या माणसाचं वरण मी त्यालाच तुमच्या नावानं वाढलं? आणि तुम्ही बसून हसलात?" दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फोनबिन नको. बिलोलीला चला."

तो अंगणात लसूण सोलत बसला होता. माझं बोलणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"आईसाहेबांपुढं माझं काय जानार होतं? तुमचं ताट गेलं असतं, म्हणून बोललो," तो म्हणाला. "पन साहेब, तुमी हसलात ते लागलं बरं का."

आतून त्याची मुलगी पाणी घेऊन आली. ती आता तिथल्याच शाळेत शिकवते. मी तिला म्हणालो, "बाई, त्या दिवशी आमच्या घरी तू जे ऐकलंस ते खोटं होतं. तुझ्या वडिलांनी मला आठ महिने जेवू घातलं. मला साधी भाकर थापता येत नव्हती."

"आवो, काय करून राहिलात साहेब!" ड्रायव्हर घाईने म्हणाला. "ही आता साऱ्या गल्लीला सांगल."

"सांगू दे," मी म्हणालो.

तो लसणाची पाटी उचलून उठला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुमी बसा. आज म्या करतो."