अर्ध्या सुपारीएवढं हाड

हाडांच्या डॉक्टरांनी मला फसवलं. अर्ध्या सुपारीएवढं हाड काढायचं ठरलं होतं, त्यांनी अख्ख्या सुपारीएवढं काढलं. माझ्याच कमरेतून काढलं आणि माझ्याच हातात बसवलं, हे खरं. पण ठरलं ते ठरलं.

मी बैलबाजारातला दलाल. वडिलांकडून मला ना गोठा मिळाला ना एखादं वासरू. दुसऱ्यांच्या बैलांना पाणी पाजता पाजता दात बघून वय सांगायला शिकलो आणि त्यावर घर उभं केलं. आमच्या जवळा बाजार गावी हल्लीची पोरं मोबाइलवर आकडा टाइप करून समोरच्याला दाखवतात. मी अजून रुमालाखाली हात घालूनच सौदा करतो. समोरच्याचं एक बोट धरलं की दहा हजार, जेवढी बोटं तेवढे दहा; बोटाचं नुसतं पेर दाबलं तर अर्धं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. तोंडानं आम्ही तेव्हा एकमेकांच्या बैलांना नावं ठेवत असतो.

साखरा गावच्या एका माणसाचा खोंड टेम्पोत चढवत होतो. दावं हाताला गुंडाळू नका, असं मीच सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी मीच गुंडाळलं. खोंड बुजला आणि माझा उजवा हात टेम्पोच्या फाळक्यावर आपटला. अंगठ्याशेजारचं बोट तळहातात जिथून निघतं, तिथलं हाड चुरलं. मी वर हळद भरली, फडकं बांधलं आणि चार दिवस तसाच हिंडलो. आमच्याकडे हळदीला काय तोटा! पण आत पू झाला. हिंगोलीला दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांना कुजलेला तुकडा काढूनच टाकावा लागला. जखम भरली, पण बोटाला मागून आधारच उरला नाही. ते वाळक्या शेंगेसारखं लोंबायला लागलं.

तशाच हातानं बाजारात गेलो. पुसेगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची पाचही बोटं रुमालाखाली धरली. त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, “आवं, चार म्हणून राहिले का पाच?”

रुमालाखालचा भाव असा चारचौघांत ओरडला गेला. “बैल न्यायचा तर ने, न्हाई तर चालता हो,” मी म्हणालो. तो चालता झाला. माझी पकड गेली म्हणजे माझा धंदा गेला, हे त्या दिवशी मला कळलं. तिथं उभ्या असलेल्या बाकीच्या दलालांनाही कळलं.

पुन्हा हिंगोली गाठली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. हाडाची दोन टोकं आणि मधे नुसता अंधार.

“मामा, हे आपोआप भरणार नाही. तुमच्याच कमरेचं थोडं हाड काढून इथं बसवू. काही महिन्यांत ते दोन्ही टोकांना जुळेल.”

“कमरेचंच काहून?”

“करदोटा बसतो ना, तिथं हाड जाड असतं. थोडं काढलं तरी चालतं.”

“किती?”

“सुपारीएवढं.”

“अर्धी.”

बायको शेजारीच बसली होती. “आवं, हाड हाय ते. भाजी घ्यायला आलात का?”

मी तिकडे लक्ष दिलं नाही. खांद्यावरचा रुमाल डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि डाव्या हातानं त्यांच्या बोटाचं पेर दाबलं. डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरातले. हसले, आणि उलट माझं पेर दाबलं. सौदा पक्का.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला, हात वेगळा बधिर केला. मोकळं राहिलं फक्त तोंड. हिरव्या कापडापलीकडे ठकठक सुरू झाली. दुखत काहीच नव्हतं, पण छिन्नी-हातोडीचा आवाज मला कळतो. तेवढ्यात डॉक्टर मदतनिसाला म्हणाले, “अजून थोडं घेऊ.”

“अजून? साहेब, अर्धी ठरली व्हती!”

“मामा, खड्डा मोठा आहे. शांत पडा.”

“मंग खड्डा आधी मापायचा ना!”

नर्स म्हणाली, “मामा, बीपी वाढून राहिला तुमचा.”

“ठरलेला सौदा मोडल्यावर कोणाचा वाढत न्हाई, बाई?”

ती तोंडावरच्या मास्कमध्ये फुसकन हसली. ठकठक थांबली. “मामा, मला हसवू नका,” डॉक्टर म्हणाले, “हातात छिन्नी आहे.”

मी गप्प झालो. तेवढी अक्कल मला आहे. मोठा तुकडा त्यांनी फटीत बसवला, बारीक चुरा भोवती ठासला आणि वरून पट्टी-स्क्रूनं आवळलं.

पुढे बोटानं मला काही तकलीफ दिली नाही. दिली ती कमरेनं. शिंकलो की कळ, कूस बदलली की कळ, मोटारसायकलवर टांग टाकायची तर आधी दोन शिव्या. हात बघायला येणाऱ्यांना मी धोतर सावरत कंबर दाखवायचो. बायको त्यांना चहा देता देता म्हणायची, “दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजतेत, सवताचं हाड मोजता आलं न्हाई.” लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो आणि हसलो की परत कळ.

काही महिन्यांनी नवा एक्स-रे निघाला. मधला अंधार भरला होता. मग रबरी चेंडू दाबत बसायचं काम लागलं. बैठकीत, बांधावर, एसटीत, जिथं असेन तिथं चेंडू. आणि एका बाजाराला मी पुन्हा रुमाल टाकला. एका व्यापाऱ्याची पाच बोटं धरली, तर तो कळवळला, “सोडा की मामा! भाव करून राहिले का बोटं मोडून राहिले?” इतकं गोड बोलणं मी बाजारात आजवर ऐकलं नव्हतं. जोडी मी सांगितलेल्या भावात गेली.

दुसऱ्या दिवशी घरच्या हळदीची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. पिशवी त्यांच्या हातात दिली आणि मगच विचारलं, “साहेब, अर्धी ठरली असताना अख्खी काहून नेली?”

ते सरळ म्हणाले, “मामा, अर्ध्यात भागणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. पण तुम्ही टेबलावर चढणं महत्त्वाचं होतं.”

माझा राग कमरेसाठी नाही, यासाठी आहे. डॉक्टर, अर्धी ही माझी पहिली बोली होती. पहिली बोली मोडण्यासाठीच असते. तुम्ही ‘पाऊण’ म्हणायला हवं होतं, मी चिडायला हवं होतं, बायकोनं मधे पडायला हवं होतं आणि मग मी अख्खी दिली असती. अडलं असतं तर दोन दिल्या असत्या. हात माझा, पोट माझं. स्वतःच्या हातासाठी स्वतःचं हाड द्यायला हा माणूस कचरेल, असं तुम्हाला वाटलंच कसं? एकदाही नाही म्हणून मान न हलवता तुम्ही पेर काहून दाबलं? येत्या बाजाराला जवळ्याला या आणि चार दलालांसमोर याचं उत्तर द्या.