बांधावरची मुलाखत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय.

आमचं घर तेर गावाच्या अलीकडं, पत्र्याचं. वडील लवकर गेले. आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून, काढणीला जाऊन मला कॉलेजात घातलं. मी समाजशास्त्र घेतलं. भावकीतले हसायचे, "ते शिकून काय व्हणार? गावची भांडणं मोजणार व्हय?" पण एम.ए. होताच पुण्याच्या एका संस्थेनं सर्वेक्षणाला हंगामी घेतलं, आणि मी थक्कच झालो. परक्या उंबऱ्यावर बसायचं, साधं काहीतरी विचारायचं, मग गप्प राहायचं — ते गप्प राहणंच खरं कसब — आणि समोरचं माणूस आपलं सगळं आयुष्य पुढ्यात ठेवतं! एवढा विश्वास येतो कुठून? मला अजून कळलेलं नाही.

बरोबरच्या सगळ्यांचे आईबाप शिकलेले. मीही सांगून टाकलं — माझी आई शिक्षिका आहे. का सांगितलं? कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आम्ही सर्वेक्षणाला माझ्या गावाशेजारच्याच गावात गेलो. बांधावर मजूर बायका भाकरी खात बसल्या होत्या. त्यांत आई होती. आमच्या पर्यवेक्षक मॅडमनी नेमकं तिच्याकडं बोट केलं, आणि ऐकायला माझ्या शेजारी बसल्या.

नियम साधा आहे. आपलं माणूस निघालं तर मुलाखत दुसऱ्याकडं द्यायची. 'ही माझी आई' — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मावशी, नाव काय तुमचं?"

आईच्या शेजारी बसलेली सुमन फिस्सकन हसली. "आगं बया, ह्यो तर तुजा —"

"गप खा की गं," आई म्हणाली. "सायबाला काम करू दे." मग माझ्याकडं वळून, "विचारा तुमी."

तुमी!

मी विचारत गेलो. ती सांगत गेली — नजरेला नजर देऊन, जराही न अडखळता. शाळा किती? "चवथी. पुढं शिकावं लई वाटायचं." मला ठाऊक नव्हतं. मुलं किती झाली? "दोन. थोरली पोरगी व्हती. वरसाची व्हऊन गेली." मला बहीण होती — हे मला तिथं, त्या बांधावर, मॅडमच्या देखत कळलं. मी थांबलो का? नाही. पुढचा प्रश्न विचारला. मुलगा काय करतो?

"नोकरीला हाय," ती म्हणाली. "लांब असतो."

मी नंतर पुष्कळ माणसं ऐकली. इतकं खरं बोलून इतकं झाकून नेणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. केवढी ती बाई — आणि मी तिच्यापुढं साहेब होऊन बसलो होतो.

घरी तिनं विषय काढला नाही. मीही नाही. बहिणीचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

मॅडमना ती मुलाखत फार आवडली. "बाई तुझ्याशी किती मोकळं बोलली रे!" म्हणाल्या, आणि कायम नोकरीसाठी माझं नाव पुढं केलं. मी ती घेतली. आज धाराशिव जिल्ह्याचं काम माझ्याकडं आहे. समाजशास्त्राची पदवीधर पोरंपोरी माझ्याकडं मुलाखत घ्यायला शिकतात. आमच्या भावकीत पगारावर असलेला पहिला माणूस मी आहे.