तात्यांची पाखरांची पत्रं

तात्या गेल्याचं मला शाळेत कळलं. मी चौथीच्या वर्गावर होते. त्यांचा पुतण्या दाराशी आला आणि एवढंच म्हणाला, "बाई, तात्या सकाळी गेलं." फळ्यावर अर्धं लिहिलेलं वाक्य मी तसंच पूर्ण केलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

सोपानतात्या बावड्यातले आमचे शेजारी. घराणं मेंढपाळांचं. लहानपणी बापामागं मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चाललेला हा माणूस पुढं वालचंदनगरला कारखान्यात फिटर झाला, तिथूनच निवृत्त झाला. नजर मात्र रानातलीच राहिली. मेंढराच्या पाठीवर बसून किडे टिपणारा कोतवाल त्यांचा सगळ्यात लाडका. एवढासा जीव, पण घरट्याजवळ आलेल्या घारीला पार शिवेपर्यंत पिटाळतो, हे ते कौतुकानं सांगत.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं, बाळंतपण मेलबर्नला व्हायचं होतं. जायचं तिच्या आईनं, आक्कांनी, पण त्यांचे गुडघे धरलेले. "तुमीच जावा," त्या तात्यांना म्हणाल्या, "नातवाला बघा, आन् तिकडची पाखरं मला कळवा."

तात्यांनी कळवली. आक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र आलं की त्या आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि मी वाचून दाखवी. तिकडं खंड्याचा थोरला भाऊ आहे, पण पाण्याला शिवत नाही, झाडावर बसून माणसासारखा खदाखदा हसतो. गुलाबी पोटाचे पोपट पावसात तारेला उलटे लोंबकळून अंघोळ करतात. जावयानं एकदा डोंगरातल्या जंगलात नेलं, तिथं एक पाखरू दहा पाखरांची बोली बोलत होतं. "म्हंजी आपल्या गावचा पुढारीच की!" आक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

आणि मॅगपाय. कावळ्याएवढा, काळापांढरा, गळा पाव्यासारखा. विणीच्या दिवसांत तो वाटेनं जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालतो, म्हणून लोक डोक्यावर प्लॅस्टिकचा डबा घालतात आणि त्यावर मागल्या बाजूला डोळे रंगवतात, म्हणजे तो मागनं येत नाही. आक्कांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तात्यांनी डबा घातला नाही. ते रोज त्याच बाकावर, त्याच्याकडं तोंड करून बसत. "चार दिस माझ्यावर आला," त्यांनी लिहिलं होतं. "पाचव्या दिशी वळाकलं त्यानं मला. आता जवळनं चालत जातो."

ते पत्र आलं तेव्हा आक्का आजारी होत्या. काळीज कमजोर झालंय, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी उत्तर लिहायला बसले, तर त्यांनी माझा हात धरला.

"ह्यातलं काय लिवू नका, बाई."

"आक्का, त्यांना कळायला हवं."

"कळलं तर निघून येत्याल. जलमभर त्या मशिनीत गेलं… बघू द्या की जरा पाखरं."

मी लिहिलं, 'इकडे सर्व ठीक.'

तीन आठवड्यांनी आक्का गेल्या. पुतण्यानं एसटीडी बूथवरून फोन लावला, तेव्हा मी शेजारीच उभी होते. तात्या सकाळचे अंगणात मॅगपायचं गाणं ऐकत बसले होते, असं सुनंदानं नंतर सांगितलं. तिकीट मिळून ते बावड्यात पोचले तो तिसरा दिवस होता. राख सावडून झाली होती.

दहाव्यानंतर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी लिवलं असतं तर मी आलो असतो."

"हो."

"तिनं सांगितलं आन् तुमी ऐकलं."

"हो, तात्या."

ते उठून गेले. पाच महिने माझ्याशी बोलले नाहीत. दारासमोरून जाताना मान खाली. माझी चूक होती का? आजही रात्रंदिवस नाही, पण अधूनमधून विचारते स्वतःला.

मग उन्हाळ्यात एका दुपारी ते पत्रांचा गठ्ठा घेऊन आले. आक्कांच्या जागी, ओट्यावर बसले. "वाचा," म्हणाले. "तिला वाचलं तसंच." मी वाचत गेले. मधूनच ते विचारत, "हितं हसली का?" कधी मी हो म्हणे, कधी नाही. सगळी पत्रं संपायला ऊन उतरलं. जाताना म्हणाले, "बरं केलं वाचलं ते." मला माफ केलं, असं ते कधीच म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मला हाक मारू लागले.

तात्यांच्या दिवसांना आलेली सुनंदा गेल्या आठवड्यात परत मेलबर्नला निघाली. निघण्याआधी ट्रंकेतला तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. "बाई, ह्या पेन्सिलीच्या खुणा कसल्या? तात्यांनी केल्यात का?"

मीही त्या पहिल्यांदाच पाहत होते. ओळींच्या कडेला लहान लहान फुल्या. त्या दुपारी घरी जाऊन तात्यांनी आठवून आठवून केलेल्या.

"तुझी आई जिथं हसली ना," मी म्हणाले, "तिथल्या."

सुनंदा ओट्यावर बसली. तिनं वरचं पत्र उलगडलं आणि मोठ्यानं वाचू लागली. पहिल्या फुलीपाशी आली, आणि तिला पुढं वाचवेना…