जज्जसाहेबांचं गेज

कारखान्याच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला लोक पाठीमागे जज्जसाहेब म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं, आणि आतून आवडायचंही. टेबलावर पिनांचा ढीग, डावीकडे हिरवी पेटी, उजवीकडे लाल, आणि मुठीत जाडी मापायचं दोन खाचांचं पोलादी गेज. एका खाचेतून पिन सरकली पाहिजे, दुसरीत अडकली पाहिजे. यात कुठे चुकली की लाल पेटी. लेथवर पिना कातणारे टर्नर गयावया करायचे, साहेब, केसाएवढाच फरक आहे हो. जज्जसाहेब म्हणायचे, केस डोक्यावर ठेव, पिनेवर नको.

घरीही हाच कायदा. बायको गेल्यापासून घरात ते आणि एका पायाने लंगडणारी धाकटी बहीण. तिचा पाय अधू झाला तो मधल्या भावामुळे. अकरा वर्षांपूर्वी तो पिऊन मोटरसायकल चालवत होता, ती मागे बसली होती. ती दवाखान्यात असतानाच स्वारी गावातून पसार झाली. जज्जसाहेबांनी त्याच दिवशी त्याला लाल पेटीत टाकलं आणि वर झाकण लावलं.

यंदा तो परत आला. दारू सुटलेली, केस पिकलेले, एका गोदामात ओझी उचलत होता. रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून त्याने काहीही न लपवता सगळं कबूल केलं, आणि पाळकांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर तोही घेईल. जज्जसाहेबांनी हातातलं गीतांचं पुस्तक असं मिटलं की पुढच्या बाकावरचं तान्हं दचकून रडायला लागलं.

घरी येऊन त्यांनी तोंड सोडलं. अकरा वर्षं तोंड लपवायचं, मग दोन आसवं गाळायची, की झालं? बहीण कांदा चिरत सगळं ऐकत होती. शेवटी सुरी खाली ठेवून म्हणाली, "दादा, पाय माझा मोडला. राग मात्र तू सांभाळलास. मला तो कधीच झेपला नाही. तुला झेपतोय तर ठेव, पण माझ्या नावावर ठेवू नकोस."

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते पाळकांकडे गेले. पाळक बाकाचा डुगडुगता पाय ठोकत बसले होते.

"मी जन्मभर सरळ चाललो ते कशाला मग?" जज्जसाहेब उभ्याउभ्याच कडाडले. "देवाकडे न्याय म्हणून काही आहे की नाही?"

"आहे ना," पाळक म्हणाले. "त्या मापाला तुमचा भाऊ उतरला नाही. मी नाही, तुम्हीही नाही. आपल्याला झेपणारी शिक्षा असती, तर प्रभू वधस्तंभावर गेला कशाला? भोजन हे बक्षीस असतं, तर ते प्रभूला एकट्यालाच जेवावं लागलं असतं."

मला आणि त्या बेवड्याला एका मापात बसवू नका, असं सुनावून जज्जसाहेब निघाले. रस्ताभर ते मनातल्या मनात पाळकांशी भांडत होते आणि दर वेळी जिंकत होते.

कारखान्यातली सगळी गेजं दर वर्षी तपासायला जायची. जज्जसाहेबांचं कधीच गेलं नव्हतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ते खणात कुलूपबंद असायचं, आणि ते मागायची कोणाची छाती नव्हती. बुधवारी जज्जसाहेब रजेमुळे जागेवर नव्हते. खात्यात नुकत्याच आलेल्या नव्या साहेबाने दुसऱ्या किल्लीने खण उघडून गेज तपासायला देऊन टाकलं. गुरुवारी ते परत आलं तेव्हा त्याच्या गळ्यात लाल चिठ्ठी होती.

"काका, ही खाच झिजली आहे," तपासणारी मुलगी म्हणाली. "जाड पिना यातून आरामात सरकतात. झीज आजकालची नाही, दोनतीन वर्षांची आहे."

त्यांनी तिच्यावर आवाज चढवला, तिच्या यंत्रावर संशय घेतला, तीनदा पुन्हा मोजायला लावलं. तिन्ही वेळा आकडा तोच आला.

मग त्यांना जोडणी खात्यातला फिटर आठवला. दोन वर्षांपूर्वी तो टेबलाशी येऊन सांगत होता, पिना भोकात बसत नाहीत, ठोकाव्या लागतात. जज्जसाहेबांनी त्याला हाकललं होतं आणि वर लिहून दिलं होतं: फिटर निष्काळजी आहे, हातोडा चालवतो. त्या कागदावर फिटरची बदली रंगखात्यात झाली.

नवा साहेब म्हणाला, गेज भंगारात टाका, चार महिन्यांत रिटायर होताय, कशाला उकरून काढता? क्षणभर जज्जसाहेबांना हायसं वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याचाच त्यांना भयंकर संताप आला. रविवारपासून ते पाळकांवर मनातल्या मनात याच गोष्टीसाठी ओरडत होते: गुन्ह्यावर टाकलेलं फडकं. पण पाळकांनी असलं काही म्हटलंच नव्हतं. पाळक जणू म्हणत होते, पिन जाड आहे, मोजून पाहा, जाडच आहे. त्यानंतर कृपेचं बोला. साहेबाला तर पिन मोजायचीच नव्हती.

त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की दोष आपला, फिटरचा नाही, आणि कागद घेऊन ते रंगखात्यात गेले. फिटरने तोंडावरचा मास्क उतरवला, खोकला, कागद दोनदा वाचला.

"घरी बायकोलासुद्धा माझं खरं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "हा कागद तिला दाखवीन. पण 'मला माफ कर' असं म्हणू नका. आज तरी नाही."

ते तसं म्हणायलाच आले होते. कागद फिटरकडेच ठेवून परत फिरले. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहणं कसं असतं, हे एकतीस वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळलं.

रविवारी भाऊ शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला होता. लोक उठून पुढे जाऊ लागले, तो उठेना. जज्जसाहेब बहिणीला घेऊन मागे आले आणि त्याच्या शेजारी धप्पकन बसले.

"माझा राग गेलेला नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, दादा."

"माझ्यावरही एक जण चिडलाय. त्याचं चुकत नाही."

भाऊ उठून बहिणीच्या एका बाजूला उभा राहिला. मग म्हणाला, "हिचा तो हात धर. पायरी उंच आहे."

तिघं पुढे गेले. पाळकांनी तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. जज्जसाहेबांच्या बोटांनी सवयीप्रमाणे त्याची जाडी चाचपली. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होता. त्यांनी तो तसाच तोंडात घातला.