बटाट्याचा जॉब

परवा मोशीला मुलाणी सरांच्या घरी जाऊन आलो... सत्तरच्या दशकात ते आम्हाला आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायचे. आता खूप थकलेत, पण मला आवाजावरून ओळखलं.

मी चाकणच्या पलीकडच्या खेड्यातला. घरी भाकरी संध्याकाळचीच, त्यामुळे डबा वगैरे भानगड नव्हती. दुपारच्या सुट्टीत आम्ही काही जण नळावर पोटभर पाणी प्यायचो आणि जेवून आल्याच्या थाटात झाडाखाली गप्पा ठोकत बसायचो.

एकदा सरांनी वर्गात विचारलं, कुणाला काय अडचण आहे, काय लागतं, मोकळेपणाने सांगा. आम्ही एका सुरात, "काय न्हाई सर, समदं हाय." बाहेर तोंड वेंगाडायचं नाही, हे घरूनच शिकून आलेलो...

माझी उघड पंचाईत होती ती ड्रॉइंगची. कागदावर तीन बाजू काढलेल्या असायच्या, त्यावरून अख्खी वस्तू डोळ्यासमोर आणायची. काही केल्या जमेना. पहिल्या चाचणीत सपशेल आपटलो, तेव्हा वडील म्हणाले, "आता नापास झालास तर घरी ये. बाजारात हमाली हाय."

मग एक दिवस सरांनी सायकलला पिशवी अडकवून चाकणच्या बाजारातून बटाटे आणले. सुट्टीच्या आधीचा तास. प्रत्येकाला एक मोठा बटाटा आणि सुरी दिली आणि कागदावरचा जॉब, म्हणजे ती काढलेली वस्तू, त्यातून कापून काढायला सांगितला.

दोन बटाटे वाया घालवले, तिसऱ्याला डोक्यात उजेड पडला... समोरून, वरून, बाजूने, सगळं दिसायला लागलं.

पुढे हा तास नेहमीचाच झाला. संपला की सगळे जॉब धुऊन वर्कशॉपच्या भट्टीवरच्या पातेल्यात. मीठ घालून उकडायचे आणि मिळून खायचे. चुकलेलेही चालायचे, म्हणून आमच्यातले काही महाभाग मुद्दाम चुकायचे. सर नुसते "पुन्हा कर" म्हणायचे आणि दुसरा बटाटा द्यायचे.

मी पास झालो, कंपनीत लागलो, पुढे तिथल्या पोरांना शिकवायलाही लागलो. मी मात्र साबणाच्या वड्या वापरायचो. कडा स्वच्छ येतात, काळ्याही पडत नाहीत.

परवा सरांना हे सांगितलं, जरा फुशारकीनेच. म्हटलं, "सर, तुम्हाला साबण कसा सुचला नाही?"

सर हसले. "सुचला होता की. पण साबण खाता येतो व्हय रे?"

"समदं हाय" म्हणणाऱ्या पोरांकडे काय नाही, ते या माणसाने तेव्हाच ओळखलं होतं. आणि एकालाही हात पसरायला लावला नाही.

सर, तेव्हा आभार मानायचे राहून गेले. आम्हाला तो ड्रॉइंगचाच तास वाटायचा...